बैठक भरते, बोलणी होतात. मग प्रश्न तसाच का राहतो?

ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी देशातील तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे मत मांडले आणि जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचे ९० तासांविषयीचे बोलणे सर्वत्र पसरले, तेव्हा घरोघरी आणि कचेऱ्यांमध्ये बराच वाद झाला. त्या वादात तासांची बेरीज-वजाबाकी पुष्कळ झाली. मात्र आज जे तास भरले जातात त्यांपैकी किती तास माणसे एखाद्या थंडगार खोलीत दुसऱ्याचे बोलणे संपण्याची वाट पाहत बसलेली असतात, हा हिशेब फारसा कोणी मांडला नाही. तो मांडण्याचा प्रयत्न शॉपिफाय या कॅनडातील कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये केला होता. तीन किंवा अधिक माणसांच्या सर्व नेमाच्या बैठका त्यांनी कर्मचाऱ्यांच्या कॅलेंडरमधून एका फटक्यात काढून टाकल्या आणि बुधवार बैठकांविना ठेवला.

बैठक हाच रोग आहे असे मानून केलेला हा इलाज आहे, आणि मला तो अर्धाच पटतो. चाकण-भोसरी पट्ट्यातील कारखान्यांत उत्पादन नियोजनाचे काम करताना मी काही हजार तास बैठकांत काढले आहेत. त्यांतून माझे मत असे बनले आहे की बैठक लांबते ही तक्रार दुय्यम आहे. खरी अडचण अशी की ज्याला ठाऊक असते तो बोलत नाही आणि जो बोलतो तो सगळ्यांना आधीच ठाऊक असलेले बोलतो. असे का होते याचा अभ्यास गेली शंभरएक वर्षे चालू आहे, आणि त्यातून निघालेली बरीचशी उत्तरे अगदी घरगुती म्हणावी इतकी साधी आहेत.

बैठक नेमकी कधी लागते?

लग्नघरातील यादीचे उदाहरण घ्या. आमंत्रणांची यादी करायला घरातली चार माणसे एकत्र बसतात, कारण आत्याला तिच्या सासरचे मानपान ठाऊक असतात, काकांना हॉलवाल्याचे दर आणि ताटांची संख्या ठाऊक असते, आणि कोणाला कोणाच्या शेजारी बसवायचे नाही हे फक्त आजीला ठाऊक असते. उत्तराचे तुकडे वेगवेगळ्या माणसांकडे आहेत, आणि एकाने आपला तुकडा पुढे केल्याशिवाय दुसऱ्याला आपला तुकडा कुठे बसतो ते कळत नाही. लग्नाची तारीख कळवायला मात्र कोणी सगळ्या गोतावळ्याला एकत्र बोलावत नाही. पत्रिका पाठवली की काम झाले.

कार्यालयात आपण नेमके उलटे करतो. जी माहिती एका ईमेलने कळवता आली असती ती वाचून दाखवण्यासाठी पंधरा माणसांना बोलावतो, आणि जिथे चौघांचे डोके एकत्र लागायला हवे तिथे ‘यावर आपापसांत बोलून घ्या’ असे सांगून विषय उरकतो. आठ माणसांची दीड तासाची बैठक म्हणजे १२ मनुष्य-तास, अर्थात एका माणसाचा दीड दिवस. दीड दिवसाचे काम एखाद्याला नेमून देताना आपण चार वेळा विचार करतो. बैठक बोलावताना मात्र कॅलेंडरवर एक चौकोन रंगवला की भागते.

तीन तुकडे, तीन खुर्च्या

मी काम केलेल्या एका कारखान्यात पंपाच्या बॉडीवर बोअर मारण्याचे, म्हणजे नेमक्या मापाचे भोक पाडण्याचे, काम चालत असे. एका पावसाळ्यात त्या कामातले रिजेक्शन, म्हणजे मापात न बसल्याने बाद होणारे नग, शेकड्याला दोनवरून सातवर गेले. बैठक बोलावली गेली. बारा माणसे होती. खरेदीवाल्यांनी कास्टिंगच्या पुरवठादारावर खापर फोडले, उत्पादनवाल्यांनी खरेदीवाल्यांवर, कोणी हवेतल्या दमटपणाचा विषय काढला, कोणी नव्या कंत्राटी मुलांचा. दोन तासांनी ‘पुरवठादाराला पत्र पाठवावे आणि तपासणी कडक करावी’ असे ठरले. आठवड्याने दुसरी बैठक झाली, तिच्यात पहिल्या बैठकीच्याच शिळ्या कढीला ऊत आणला गेला, आणि आकडा सातवरच राहिला.

तिसऱ्या बैठकीला रात्रपाळीचा सुपरवायझर रजेवर असल्याने त्याच्या जागी मशीनचा सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा कामगार, आला. पाळी संपवून तो थेट आला होता. हाताला कूलंटचा वास होता आणि टेबलाला तेल लागेल म्हणून तो खुर्ची थोडी मागे ओढून बसला होता. गुणवत्ता विभागातील मॅडमनी त्याला सहज विचारले, “तुमच्या पाळीत काही वेगळं होतं का?” तो म्हणाला, “दोननंतर क्लॅम्प नीट धरत नाही मॅडम. हवा कमी पडते.” व्यवस्थापक जरा चिडूनच म्हणाले, “मग आधी का नाही बोललास?” त्याचे उत्तर होते, “बोललो की साहेब, तीन आठवडे. लॉगबुकात.”

हवा म्हणताच देखभाल विभागाच्या प्रमुखांनी मान वर केली. क्लॅम्प, म्हणजे नग घट्ट धरणारी पकड, हवेच्या दाबावर चालते, आणि रात्री भार कमी असतो म्हणून महिन्याच्या पहिल्या तारखेपासून ते हवेचा दाब देणारा एकच कॉम्प्रेसर चालवत होते. मॅडमनी लॅपटॉप उघडून पाळीनिहाय आकडे काढले, तर बाद नगांपैकी बहुतेक रात्रपाळीचे निघाले. व्यवस्थापनाला जाणाऱ्या अहवालात मात्र दिवसाची एकच बेरीज जात असे. दहा मिनिटांत प्रश्न सुटला. देखभालवाले आणि गुणवत्तावाले पहिल्या दोन्ही बैठकांना हजर होते, प्रत्येकाचा तुकडा त्याच्या खिशात होता, आणि कोणी काही दडवत होते असेही नाही. आपला तुकडा या प्रश्नाशी संबंधित आहे हेच त्यांना ठाऊक नव्हते.

सगळ्यांना ठाऊक असलेलेच पुन्हा का बोलले जाते?

या घटनेला मानसशास्त्रात ‘दडलेले चित्र’ म्हणता येईल असे नाव आहे. गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस या दोन अमेरिकी संशोधकांनी १९८५ मध्ये त्यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. तो समजण्यासाठी आपण आपलेच उदाहरण करू. तीन माणसे दोन पुरवठादारांतून एक निवडणार आहेत. पहिल्याचे तीन गुण तिघांनाही ठाऊक आहेत. दुसऱ्याचे गुण सहा आहेत, पण प्रत्येकाला त्यांतील दोनच ठाऊक आहेत आणि तेही वेगवेगळे. घरून निघताना प्रत्येकाच्या मनात हिशेब तयार असतो: पहिल्याचे तीन, दुसऱ्याचे दोन. तिघेही पहिल्याचे नाव घेत खोलीत शिरतात. त्यांनी सर्व गुण टेबलावर मांडले असते तर तीन विरुद्ध सहा असा निकाल उघड दिसला असता. प्रयोगात मात्र असे दिसले की गट आधीच सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टींवरच बोलत राहतात आणि मुळातली पसंती घेऊनच बाहेर पडतात.

यात कोणाचा आळस किंवा कपट नाही. निम्मे कारण निव्वळ गणिताचे आहे. समजा, एखादी गोष्ट ठाऊक असलेला माणूस ती बैठकीत बोलून दाखवण्याची शक्यता ४० टक्के आहे. ती गोष्ट एकालाच ठाऊक असेल तर ती टेबलावर येण्याची शक्यता ४० टक्केच राहते. चौघांना ठाऊक असेल तर चौघेही गप्प बसण्याची शक्यता सुमारे १३ टक्के, म्हणजे ती बोलली जाण्याची शक्यता ८७ टक्के होते. जी गोष्ट सांगण्याची गरज सर्वांत कमी, तीच सर्वाधिक बोलली जाणार हे त्यामुळे ठरलेलेच असते. उरलेले कारण माणसाच्या स्वभावात आहे. सर्वांना ठाऊक असलेले बोलले की चार माना डोलतात आणि बोलणाऱ्याला बरे वाटते. कोणालाच ठाऊक नसलेले बोलले की ‘हे कुठून काढलेस?’ असे चेहरे होतात. रात्रपाळीच्या सेटरला हे कोणी शिकवावे लागत नाही.

मग अधिक माणसे बोलावली तर अधिक तुकडे येतील?

ही शंका रास्त आहे, आणि ‘कोणाला वाईट वाटायला नको’ या आपल्याकडच्या चालीमुळे बैठकांना माणसे वाढतातही भराभर. माक्सिमिलियँ रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून ताकद मोजली होती. ते निष्कर्ष १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसे वाढली तशी एकूण ओढ वाढली, परंतु प्रत्येकाचा वाटा घटत गेला, आणि आठ जण ओढत असताना प्रत्येक जण एकट्याने लावली असती त्याच्या साधारण निम्मीच ताकद लावत होता. काही ताकद एकमेकांशी ताल न जुळल्याने वाया जाते, आणि काही ‘बाकीचे ओढताहेत ना’ या भरवशावर कोणी लावतच नाही. बैठकीत दोर दिसत नाही, एवढाच फरक.

गर्दी वाढली की बोलण्याचा ओघही सोप्या विषयाकडे वळतो. सी. नॉर्थकोट पार्किन्सन या ब्रिटिश लेखकाने १९५०च्या दशकात त्यावर एक काल्पनिक समिती रंगवली होती. ती अणुभट्टीचा खर्च अडीच मिनिटांत मंजूर करते आणि सायकली ठेवण्याच्या शेडवर पाऊण तास घालवते, कारण अणुभट्टी कोणाला कळत नाही आणि शेडवर मत देता येणार नाही असा माणूस नसतो. गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेला एकदा तरी बसलेल्या वाचकाला यावर आणखी पुरावा देण्याची गरज नाही.

तेव्हा ‘कोणाकोणाला बोलवायचे’ हा प्रश्न हुद्द्यावरून सोडवू नये. या प्रश्नाचा कोणता तुकडा कोणाकडे आहे, असे विचारावे. ज्याच्याकडे तुकडा नाही त्याला बैठकीनंतर टिपण पाठवावे. आणि ज्याच्याकडे आहे तो हुद्द्याने कितीही खाली असला तरी त्याला खुर्ची द्यावी. माझ्या अनुभवात पाच ते सात माणसांच्या पुढे बैठक गेली की ती सभा होते, आणि सभेत भाषणे होतात.

तयारी म्हणजे विषयाचा प्रश्न करणे

विषयपत्रिका, म्हणजेच अजेंडा, हा शब्द सर्वांना ठाऊक आहे, पण तिच्यात बहुधा नुसती नामे असतात: ‘रिजेक्शन’, ‘दिवाळीची सुट्टी’, ‘नवे सॉफ्टवेअर’. नाम वाचून कोणालाही घरून तयारी करून येता येत नाही, कारण आपल्याकडून काय हवे आहे ते कळत नाही. ‘रिजेक्शन’ या विषयाऐवजी ‘बोअरचे बाद नग कोणत्या पाळीत, कोणत्या मशीनवर आणि कधीपासून वाढले?’ असे लिहिले असते तर पाळीनिहाय आकडे पहिल्याच बैठकीत आले असते. प्रश्न नीट लिहिला की कोणाला बोलवायचे तेही त्यातूनच निघते. वरच्या प्रश्नात ‘पाळी’ हा शब्द आहे, म्हणजे रात्रपाळीचा माणूस हवाच. आणि ज्या विषयाचा प्रश्न करताच येत नाही, उदाहरणार्थ ‘महिन्याचा आढावा’, त्याला बहुधा बैठक लागत नाही, एक तक्ता पुरतो.

प्रश्नाखाली एक ओळ आणखी हवी: बैठकीच्या शेवटी हातात काय असेल. निर्णय, पर्यायांची यादी, की नुसते प्रश्नाचे निदान? हे आधी न ठरल्यामुळे निम्मे लोक निदान करत असतात आणि निम्मे उपाय सुचवत असतात, आणि दोन्ही बाजूंना समोरचा मुद्दा सोडून बोलतो आहे असे वाटते. पुष्कळ भांडणे मुळात एवढीच असतात.

‘एवढी तयारी करायला वेळ कोणाकडे आहे?’ असे विचारले जाईल. दोन ओळी लिहायला वीस मिनिटे लागतात, आणि ती न लिहिल्याने आठ माणसांचा दीड तास जातो. तरीही आधी पाठवलेले कागद कोणी वाचून येत नाही, ही तक्रार खरी आहे. अ‍ॅमेझॉनमध्ये २००४ साली जेफ बेझोस यांनी वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट बंद केले, आणि पुढे तिथे अशी पद्धत रुळली की सलग वाक्यांत लिहिलेले, जास्तीत जास्त सहा पानांचे टिपण बैठकीच्या आरंभी सर्वांनी तिथेच बसून शांतपणे वाचायचे. पगार घेऊन वाचत बसायचे, याचे आमच्याकडे हसू झाले होते. मी एकदा दीड पानाचे टिपण करून आठ मिनिटे वाचनाला दिली, तेव्हा ‘मी वाचलंय, पण एकदा थोडक्यात सांगा’ हे वाक्य त्या खोलीत पहिल्यांदाच कोणी उच्चारले नाही.

सूत्रधार: पंगतीतला वाढपी

बैठक चालवणाऱ्या माणसाला आपण सूत्रधार म्हणू. तो अध्यक्ष असेलच असे नाही, किंबहुना नसलेला बरा. त्याचे काम मला नेहमी पंगतीतल्या वाढप्यासारखे वाटते. वाढपी स्वतः पंगतीला बसत नाही. त्याची नजर पानांवर असते: कोणाच्या पानात भाजी संपली, कोण संकोचाने मागत नाही, आणि कोण चौथ्यांदा जिलेबीसाठी हात पुढे करतो आहे. मागेल त्यालाच वाढायचे असे ठरवले तर मोठ्या आवाजाच्या माणसांची पोटे भरतात आणि पंगत उठते.

बैठकीत मागेल त्यालाच वाढले जाते. यावरचा ठरलेला तोडगा म्हणून ‘सगळे मिळून मोकळेपणी कल्पना मांडा’, म्हणजे ब्रेनस्टॉर्मिंग, सुचवले जाते. जाहिरातक्षेत्रातील अ‍ॅलेक्स ऑसबॉर्न यांनी ही पद्धत लोकप्रिय केली. येल विद्यापीठात १९५८ मध्ये ती तपासली गेली, तेव्हा एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा वेगवेगळे बसून विचार करणाऱ्या चौघांच्या कल्पना मिळून जवळजवळ दुप्पट भरल्या. मिखाएल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी १९८७ मध्ये त्याचे मुख्य कारण दाखवले: एका वेळी एकच जण बोलू शकतो, आणि आपली पाळी येईपर्यंत माणूस सुचलेले विसरतो, ते मनातल्या मनात कापून टाकतो किंवा समोरच्याच्याच वाटेने विचार करू लागतो. अरुंद जिन्यावर एकच जण चढू शकत असेल तर खाली कितीही माणसे उभी असली तरी वर पोहोचण्याचा वेग वाढत नाही.

म्हणून आधी लिहायचे आणि मग बोलायचे. प्रश्न फळ्यावर लिहून प्रत्येकाने पाच मिनिटे गप्प राहून आपल्याला ठाऊक असलेले कागदावर उतरवावे, मग फेरीने प्रत्येकाने एकेकच मुद्दा वाचावा, सर्वांचे कागद रिकामे होईपर्यंत फेऱ्या चालाव्यात, आणि तोवर कोणी कोणाच्या मुद्द्यावर मत देऊ नये. हे ऐकायला शाळकरी वाटते. पण फेरीत ‘मला यात फारसं काही नाही’ असे म्हणणाऱ्यालाही कागदावरचे एक वाक्य वाचावे लागते, आणि माझ्या पाहण्यात कामाचे वाक्य पुष्कळदा तेच निघाले आहे. फेरीत एक प्रश्न आवर्जून घालावा: ‘या विषयातले असे काय तुम्हाला ठाऊक आहे, जे इथल्या दुसऱ्या कोणाला बहुधा ठाऊक नसेल?’ देखभालवाल्यांना असे विचारले असते तर कॉम्प्रेसरचा उल्लेख पहिल्याच दिवशी झाला असता.

बोलण्याची वाटणी समान असावी हा केवळ सौजन्याचा भाग नाही. अनिता वूली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६९९ माणसांना दोन ते पाच जणांच्या गटांत बसवून नाना प्रकारची कामे दिली होती. तो अभ्यास २०१० मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला. गटाचे यश त्यातल्या सर्वांत हुशार माणसाच्या बुद्धीशी फारसे निगडित नव्हते. जिथे बोलण्याच्या पाळ्या सर्वांना मिळत होत्या आणि माणसांना एकमेकांचे चेहरे वाचता येत होते, ते गट सरस ठरले.

आपल्याकडे या वाटणीत भाषेची एक अडचण आहे, जिच्याबद्दल व्यवस्थापनाच्या पुस्तकांत फारसे काही सापडत नाही. खोलीत एक माणूस चेन्नईचा आणि एक गुरगावचा असला की बैठक इंग्रजीत सुरू होते. ज्याला मशीनचा आवाज ऐकून बेअरिंग गेले आहे हे सांगता येते, त्याला ते इंग्रजीत सांगता येत नाही, मग तो ‘येस सर’ म्हणून मोकळा होतो. प्रत्येकाने ज्या भाषेत विचार येतो त्या भाषेत बोलावे आणि सूत्रधाराने त्याचा एका वाक्यात अनुवाद करून फळ्यावर लिहावा, एवढे जाहीर केले तरी पुरते. त्यात मिनिटभर जाते, आणि त्या मिनिटाबद्दल तक्रार करणारा अजून मला भेटलेला नाही.

साहेबच बोलत राहिले तर?

सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे, आणि त्यावर रामबाण उपाय आहे असे मी सांगणार नाही. साहेबांनी पहिल्या पाच मिनिटांत ‘मला वाटतं, हा पुरवठादाराचाच प्रॉब्लेम आहे’ असे म्हटले की बाकीची बैठक त्या वाक्याला पुरावे गोळा करण्यात जाते. पूजेला बसलेले यजमान जसे गुरुजींच्या मंत्रामागून ‘मम’ म्हणतात तशी माणसे ‘मम’ म्हणत राहतात. भारतीय सैन्याच्या कोर्ट मार्शलमध्ये यासाठी नियमच आहे: सदस्यांची मते हुद्द्याने सर्वांत कनिष्ठ असलेल्यापासून घ्यायची, म्हणजे वरिष्ठाच्या मताची सावली खाली पडत नाही. जिथे हुद्द्याची शिस्त सर्वांत कडक, तिथेच ही सोय करून ठेवलेली आहे, ही गोष्ट मी आमच्या एका साहेबांना सांगितली तेव्हा ती त्यांना पटली. त्यांना तसे सांगण्यासाठी मी बैठकीपूर्वीची वेळ निवडली, त्यांच्या केबिनमध्ये, एकट्यात. चारचौघांत सांगितले असते तर पटण्याचा प्रश्नच आला नसता.

साहेब शेवटी बोलू लागले तरी भीती लगेच जात नाही. हार्वर्डमधील एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयांत औषधे देताना होणाऱ्या चुका पथकवार तपासल्या. चांगल्या चालणाऱ्या पथकांत चुका कमी असतील अशी अपेक्षा होती. आकडे उलटे आले. तपासाअंती त्यांच्या ध्यानात आले की त्या पथकांत चुका अधिक होत नव्हत्या, अधिक सांगितल्या जात होत्या. माणूस वाईट बातमी आणतो तेव्हा वरिष्ठाचे पहिले वाक्य काय असते यावर पुढच्या बातम्या येतील की नाही हे ठरते. ‘मग आधी का नाही बोललास?’ हे वाक्य कितीही स्वाभाविक असले तरी त्या दिवशी सेटरच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने पुन्हा तोंड उघडले नसते.

सगळ्यांना बोलू दिले तर निर्णय कधी होणार?

चर्चेचे गुऱ्हाळ चालू राहील ही भीती रास्त आहे, पण गुऱ्हाळ लागते ते पुष्कळ माणसे बोलल्याने नव्हे. निर्णय कोणाचा आहे हे सांगितलेले नसते म्हणून लागते. सुरुवातीलाच सांगावे: हा निर्णय अमुक एक जण घेणार आहे आणि आपण त्याला माहिती देतो आहोत, किंवा, हा निर्णय आपण सगळे मिळून घेणार आहोत. दोन्ही पद्धती चालतात. निर्णय आधीच झालेला असताना ‘तुमची मते हवी आहेत’ म्हणणे मात्र चालत नाही. ताकाला जाऊन भांडे लपवण्याचा तो प्रकार माणसे दुसऱ्याच खेपेला ओळखतात आणि तिसऱ्या खेपेपासून गप्प बसतात.

सर्वांनी मिळून निर्णय घ्यायचा असला तरी एकमताचा हट्ट धरू नये. ‘मला हे सर्वांत चांगले वाटते का’ याऐवजी ‘मला यात असा धोका दिसतो का, की जो मी गिळू शकत नाही’ असे प्रत्येकाला विचारावे. पहिल्या प्रश्नाची उत्तरे कधीच जुळत नाहीत, दुसऱ्याची बहुधा जुळतात. आणि उत्तर तोंडाने घ्यावे. मौनं संमतिलक्षणम् हे वचन आपण फार सोयीने वापरतो; बैठकीतल्या मौनाचा अर्थ पुष्कळदा ‘मला पटलेले नाही, पण जेवायची वेळ झाली आहे’ एवढाच असतो.

ऑनलाइन बैठकीचे काय?

तत्त्व तेच आहे, फक्त वाढप्याला पाने नीट दिसत नाहीत. ज्याचा कॅमेरा बंद आहे तो ऐकतो आहे की दारात दूध घेतो आहे ते कळायला मार्ग नसतो, म्हणून नाव घेऊन फेरी घालणे इथे अधिक गरजेचे ठरते. एका बाबतीत मात्र ऑनलाइन बैठक सरस आहे: सगळ्यांनी एकाच वेळी चॅटमध्ये लिहावे आणि सूत्रधाराने ‘पाठवा’ म्हटल्यावरच पाठवावे असे केले, तर अरुंद जिना आपोआप रुंद होतो. एकामागोमाग एक बैठका लावण्याचा मोह मात्र टाळावा. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये १४ जणांच्या मेंदूतील विद्युत्लहरी मोजल्या, तेव्हा सलग बैठकांत ताण साचत गेला, आणि मध्ये दहा मिनिटांची विश्रांती दिलेल्यांमध्ये तो साचला नाही. नमुना लहान आहे, पण दुपारी चारच्या बैठकीतले आपले स्वतःचे डोके आठवले तर निष्कर्षावर वाद घालावासा वाटत नाही.

बैठक संपल्यावर

इतिवृत्त, म्हणजे मिनिट्स, पाच पानांचे असू नये आणि पाच दिवसांनी येऊ नये. काय ठरले, ते कोण करणार, आणि कोणत्या तारखेपर्यंत, या तीन रकान्यांत ते मावते, आणि ते खोलीतून उठण्यापूर्वी सर्वांसमोर वाचून दाखवावे. ‘कोण’ या रकान्यात माणसाचे नाव हवे. ‘उत्पादन विभाग’ किंवा ‘टीम’ असे लिहिलेले काम कोणाचेच नसते. आणखी एक चौथी ओळ मी लिहू लागलो आहे: ही बैठक आपण पुन्हा घेणार आहोत का, आणि कोणत्या प्रश्नासाठी. दर सोमवारची बैठक केवळ सोमवार उजाडला म्हणून भरते, तिला निदान दर तीन महिन्यांनी मुदत संपल्यासारखे वागवावे.

आमच्या त्या कारखान्यात कॉम्प्रेसरच्या प्रकरणानंतर रिजेक्शनची बैठक दुपारी तीनवरून सकाळी सातला आणली गेली, कारण त्या वेळी रात्रपाळी सुटत असते आणि पहिली पाळी चढत असते, म्हणजे दोन्ही पाळ्यांचे सेटर एकाच दारातून जात-येत असतात. मशीनजवळच, उभ्याउभ्या, वीस मिनिटे, लॉगबुक उघडून. रात्रपाळीच्या माणसाला त्या वीस मिनिटांचा ओव्हरटाइम मिळावा, एवढे मंजूर करून घ्यायला मात्र वरच्या मजल्यावर आणखी दोन बैठका लागल्या, आणि त्या दोन्हींना रात्रपाळीचे कोणी नव्हते.